मार्लिस क्वामेचा ट्रे

आर्डिस ट्वेटच्या गॅरेजात, नवऱ्याच्या जुन्या पिकअपखाली, इंजिनातून गळणारं तेल झेलायला एक ट्रे ठेवलेला होता. चांगला जाड बुडाचा, केक-बिक भाजायचा ट्रे. त्याच्या कडेला पांढरी चिकटपट्टी होती आणि पट्टीवर ठळक अक्षरांत नाव: मार्लिस क्वामे. अमेरिकेच्या उत्तरेतल्या नॉर्डबी गावात कुणाकडे मयत झालं की शेजारपाजारच्या बायका असे ट्रे भरून पाठवतात, आणि परत यावा म्हणून त्यावर नाव चिकटवतात. घरच्यांनी तो घासूनपुसून, आत काहीतरी घालून परत द्यायचा. रिकामा ट्रे परत करणाऱ्या बाईबद्दल गावात वर्षानुवर्षं बोललं जातं. ट्रेच परत न करणारी बाई गावाने अजून पाहिली नव्हती.

हा ट्रे आला होता नवऱ्याच्या, ओरलिनच्या, मयताला, लिंबाच्या वड्यांनी भरून. आर्डिसने वड्या मागच्या अंगणातल्या बर्फावर कावळ्यांना फेकल्या आणि ट्रे गाडीखाली सरकवला. गाडी गळते हे ओरलिनला माहीत होतं. "उन्हाळ्यात बघतो," असं तो दर हिवाळ्यात म्हणायचा. आता बघणारं कुणी उरलं नव्हतं. रोज सकाळी आर्डिस वाकून ट्रेत किती तेल साचलं ते बघायची आणि तिला जरा बरं वाटायचं. थेंब मार्लिसच्या नावावरच पडावा अशी तिची फार इच्छा होती, पण पट्टी बाहेरच्या अंगाला होती. तेवढी एक हौस राहून गेली.

आर्डिस शहात्तर वर्षांची. उभा जन्म तिने शाळेची बस चालवली. बीटच्या शेतांमधल्या सरळसोट रस्त्यांवरून, ज्या थंडीत माणसाच्या पापण्या गोठतात त्या थंडीत, गावातली निम्मी पोरं तिनेच शाळेत पोचवली. तिने आरशातून नुसतं बघितलं की मागच्या सीटवरचं पोर च्युइंगम गिळून टाकायचं. ओरलिन तिच्या अगदी उलटा. धान्याच्या कोठारात नोकरी, तोंडातून शब्द निघायला मुहूर्त लागायचा, आणि छातीत आयुष्यभराची गव्हाची धूळ. डॉक्टरांनी दोघांना बजावून ठेवलं होतं की याला साधी सर्दीसुद्धा होता कामा नये. हे गावाला ठाऊक होतं. मार्लिसला तर नक्कीच, कारण शाळेत पहिलीपासून ती आर्डिसच्या शेजारी बसत आलेली, आणि शुक्रवारी पत्त्यांच्या डावात ओरलिनच्या समोर.

तरीही जानेवारीतल्या त्या रविवारी, चर्चच्या वार्षिक सभेनंतर, तळघरात जेवणं चाललेली असताना मार्लिस कॉफीची किटली घेऊन फिरत होती आणि खोकत होती. ओरलिनच्या खांद्यावरून वाकून तिने त्याचा कप भरला, तोंड वळवलं न वळवलंसं केलं आणि दोनदा खोकली.

"बरं नाही का गं?" आर्डिसने विचारलं.

"अगं छे. अ‍ॅलर्जी आहे थोडीशी."

बाहेर उणे तीस होतं. महिनोन् महिने जमिनीचा एक तुकडा कुणाला दिसला नव्हता, गवताचं पातं नाही, झाडाला पान नाही. अ‍ॅलर्जी कशाची? बर्फाची? पण नॉर्डबीत असं कुणी विचारत नाही. आर्डिसनेही विचारलं नाही. तिने ओरलिनच्या ताटात हॉटडिशचा, त्या भाजलेल्या खिमा-बटाट्याचा, आणखी एक डाव वाढला, आणि ओरलिनने ती कॉफी प्यायली.

आठवड्याभरात त्याने अंथरूण धरलं, आणि महिना संपायच्या आत गेला. शहरातल्या डॉक्टरांनी नाकातला नमुना तपासून सांगितलं, आरएसव्ही. लहान पोरांना होतो तोच सर्दीचा विषाणू, म्हाताऱ्यांच्या छातीत उतरला की जीव घेतो. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र लिहिलं, हृदय बंद पडलं. आर्डिस तिथल्या बाईशी भांडली. "हृदय सगळ्यांचंच बंद पडतं हो! कुणी बंद पाडलं ते लिहा!" त्यांनी लिहिलं नाही. गावात जो तो येऊन हात दाबून म्हणाला, कुणाचा काही दोष नाही गं, असं होतंच. मार्लिसही आली. तीही हेच म्हणाली, डोळे पुसत. तिच्या तोंडून एकच वाक्य यायला हवं होतं: मी आजारी होते, मला माहीत होतं. तेवढं म्हणाली असती तर आर्डिसने तिला कदाचित मिठी मारली असती, कदाचित थोबाडीत दिली असती, पण गोष्ट तिथे संपली असती. मार्लिस म्हणाली, "वड्यांत साखर कमी घातलीय, तुला आवडते तशी." त्या दिवशी आर्डिसने जो डूख धरला तो धरला.

औषधांच्या दुकानात एक कागद लावलेला तिने पाहिला तेव्हा पानगळ सुरू झाली होती. या विषाणूवर नवी लस आली आहे, ती चालते की नाही हे पाहायला साठीपुढची माणसं हवी आहेत. आर्डिसने दुकानातूनच फोन लावला.

मुलगी दूर डेन्व्हरला. ती हबकलीच. "आई, अगं तुझ्यावर प्रयोग करणार ते!"

"करू देत. तुझ्या बापावर त्या विषाणूने केलाच ना, न विचारता? हे निदान विचारून करतायत."

शहरातल्या दवाखान्यात चाचणीचं सगळं आम्रा नावाची नर्स बघायची. बोस्नियातून लहानपणी आलेली, चाळिशीची, आणि मनात येईल ते तोंडावर बोलणारी. आर्डिसला ती पाहताक्षणी आवडली.

"आजी, तुम्हाला यात का यायचंय?"

"सूड घ्यायचाय."

आम्रा हसली. आर्डिस हसली नाही. आम्राने मग खुर्ची जरा पुढे ओढली. "कुणावर?"

"त्या विषाणूवर." मग आर्डिस म्हणाली, "आणि एका बाईवर. पण ते तुमच्या कामातलं नाही."

आम्राने तिला नीट समजावलं. अर्ध्या लोकांना खरी लस, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय टोचलं हे टोचून घेणाऱ्याला कळणार नाही, आम्रालाही नाही, डॉक्टरांनाही नाही. शेवटी कुणाला काय दिलं त्याची बंद पाकिटं फोडायची आणि कुठल्या बाजूची माणसं जास्त आजारी पडली ते बघायचं.

"मला लस द्या मग. मिठाचं पाणी माझ्या घरी आहे."

"अहो, मलाच माहीत नसतं तर देऊ कशी?"

"हुशार दिसता. ओळखता येत असेल."

"नाही येत. आणि हे बघा, घशात नुसती खवखव झाली तरी त्याच दिवशी ही नमुन्याची काडी नाकात फिरवायची आणि मला फोन करायचा. दर आठवड्याला मीही करणार. खरं सांगू? तुमच्या भागातल्या लोकांचा मला वैताग आलाय. मागच्या चाचणीत एक आजोबा होते. तापाने फणफणलेले, धाप लागलेली, मला फोनवर ऐकू येतेय त्यांची छाती. विचारलं कसं आहे, तर म्हणे 'बरंय तसं'. तसं म्हणजे कसं हो? आजारी माणसं आजार लपवायला लागली तर आम्ही मोजायचं काय? डोंबल?"

ओरलिन गेल्यापासून आर्डिस पहिल्यांदा मनापासून हसली. या मुलीला तळघरात न्यायला हवं, तिला वाटलं, रविवारी, कॉफीच्या वेळी.

सुई दंडात गेली. घरी येईस्तोवर पहिला बर्फ पडून दारापर्यंतचा रस्ता बुजला होता. आर्डिसने फावडं घेतलं आणि सगळा उपसून काढला. संध्याकाळी दंड असा ठणकायला लागला की कॉफीचा कप उचलवेना. ती खुर्चीत बसून दंड दाबत राहिली आणि तिचा चेहरा फुलला. खरी लस! खरी लस असल्याशिवाय दंड एवढा दुखेल का? शहात्तराव्या वर्षी ओला बर्फ उपसला तर दुखेल, हे तिच्या डोक्यात आलं नाही. आपल्याला हवं ते ऐकू आलं की माणूस पुढचं ऐकत नाही, आणि आर्डिस तर आधीपासूनच कमी ऐकायची.

मग तिने जे केलं ते फक्त तीच करू जाणे. चर्चच्या पाळणाघरात रविवारी पोरं सांभाळायला कधी कुणी तयार नसायचं. आर्डिसने पास्टरांना सांगितलं, इथून पुढे मी बसते. पास्टरांना भरून आलं. नवऱ्याचं दुःख विसरायला बिचारी लेकरांत मन रमवते, असं ते प्रवचनातसुद्धा बोलले. आर्डिस कसली रमते! ती गावातली सगळ्यात शेंबडी पोरं हेरून मांडीवर घ्यायची, त्यांची नाकं पुसायची, त्यांनी खोकलं की तोंड फिरवायची नाही. आणि पुटपुटायची, "ये. ये ना. बघू आता तुझ्यात किती दम आहे." एक चिमुरडी तिच्याकडे टकामका बघत राहिली तर तिला म्हणाली, "तुला नाही गं बाळ. तुझ्या नाकात जो बसलाय ना, त्याला."

काही झालं नाही. थँक्सगिव्हिंग गेला, नाताळ गेला, तिला साधी शिंकसुद्धा आली नाही. दर आठवड्याला आम्राचा फोन यायचा आणि आर्डिस मोठ्या ताठ्यात सांगायची, "काही नाही. हरला तो."

मधे एकदा रक्त द्यायला ती दवाखान्यात गेली, तर बाहेरच्या बाकावर कोण? मार्लिस. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

"तू इथे?" आर्डिस म्हणाली.

"पास्टर म्हणाले चांगलं काम आहे." मार्लिसने वर बघितलं नाही. "म्हटलं, आपणही करावं काहीतरी."

आर्डिसच्या अंगाचा तिळपापड झाला. हा सूड तिचा होता. त्याच्यात वाटेकरी, आणि तीही ही! पण अशा वेळी नॉर्डबीची माणसं हवापाण्याचं बोलतात. दोघी रस्त्यावर कुठे कुठे बर्फ साचलाय ते बोलल्या. मग आर्डिसने सहज विचारल्यासारखं विचारलं, "दंड दुखला का गं तुझा?"

"अजिबात नाही. मुंगी चावल्यासारखंसुद्धा वाटलं नाही."

मिठाचं पाणी! आर्डिस घरी जाताना वाटभर गाडीत गुणगुणत होती. जिने ओरलिनच्या कपावर खोकलं तिला मिठाचं पाणी, आणि ओरलिनच्या बायकोला लस. कुठेतरी न्याय आहे म्हणायचा! याची लाज वाटायला हवी हे तिला समजत होतं. वाटली नाही. त्या रविवारी तळघरात तिने मार्लिसने आणलेल्या वड्यांतली एक उचलून आपल्या बशीत ठेवली, आणि ती तशीच, एक चावासुद्धा न घेता, सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर सोडून उठली. नॉर्डबीत याहून मोठी शिवी नाही. ती हे वर्षभर करत आली होती. दर रविवारी मार्लिस ती अख्खी वडी बघायची, बशी उचलायची आणि धुवायला न्यायची.

पुन्हा जानेवारी आला, पुन्हा वार्षिक सभा, तेच तळघर, त्याच वासाची कॉफी. आणि किटली घेतलेली मार्लिस खोकली.

आर्डिसच्या हातातला काटा थांबला. मार्लिस टेबलाटेबलावरून येत होती, कोपरात तोंड खुपसून खोकत होती. कुणीतरी विचारलं, बरं नाही का? आणि मार्लिस म्हणाली, "अ‍ॅलर्जी आहे थोडीशी."

आर्डिस उठली. पर्समधून काडीचं पाकीट काढून तिने टेबलावर आपटलं. आपटलं म्हणजे, आवाज आला. त्या तळघरात सायरन वाजला असता तरी माणसं एवढी दचकली नसती.

"घाल नाकात."

"आर्डिस..."

"तुझ्याकडेही आहे असंच पाकीट. आम्राने दिलंय. घशात खवखव झाली तरी घालायचं, सांगितलंय ना? मग घाल. सगळ्यांसमोर घाल. बघू दे कसली अ‍ॅलर्जी आहे."

सगळे ताटात बघायला लागले. पास्टर घसा खाकरून म्हणाले, "यंदा चर्च तापवायच्या भट्टीच्या दुरुस्तीचा विषय राहिलाच की आपला." आणि लोक जीव मुठीत धरून भट्टीवर बोलायला लागले. मार्लिसचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. काय करावं हे न कळून तिने, हाताला सवय होती म्हणून, आर्डिसच्या कपात कॉफी ओतली. ओतताना तिला ढास लागली. मग किटली ठेवून, कोट घेऊन ती निघून गेली.

आर्डिसने ती कॉफी प्यायली. बघत होते ना सगळे? बघू देत. तिला लस मिळाली होती.

पुढच्या आठवड्यात सकाळी उठली तर घशात काटा. दुपारी खोकला. संध्याकाळी आम्राचा नेहमीचा फोन आला. "कसं आहे आजी?"

"बरंय तसं," आर्डिस म्हणाली.

म्हणून झालं आणि फोन ठेवूनही झाला. आर्डिस स्वयंपाकघरात फोनकडे बघत उभी राहिली. हे आपणच बोललो? शब्द आपसूक बाहेर आले होते, आईच्या तोंडातून यायचे तसे, आजीच्या तोंडातून यायचे तसे. वर्षभर ज्या खोटेपणासाठी तिने एका बाईचं जगणं नकोसं केलं तोच तिच्या जिभेच्या टोकावर बसला होता. तिला स्वतःचा इतका संताप आला की तिने खुर्चीला लाथ घातली. मग काडी काढली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर नाकात फिरवली, आणि फोन लावला.

"आम्रा, मी खोटं बोलले. बरं नाही. खोकला आहे, ताप आहे, श्वास घेताना छातीत शिट्टी वाजतेय. लिहून घ्या सगळं."

"शाब्बास," आम्रा म्हणाली. "आता कोट घाला. मी अँब्युलन्स पाठवतेय."

तोच निघाला, आरएसव्ही. आर्डिस प्राणवायूची नळी लावून दवाखान्यात पडून राहिली. मधले काही दिवस असे गेले की मुलगी डेन्व्हरहून विमानाने आली आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत झोपली. आर्डिसला मरणाचं भय नव्हतं, पण मार्लिसच्या हातून दोघंही जायची, नवराही आणि बायकोही, या विचाराने तिचा जळफळाट होत होता, आणि त्या जळफळाटावरच ती तगली असं मला वाटतं. डॉक्टर औषधांना श्रेय देतात. देऊ देत.

एके दुपारी मार्लिस आली. तोंडाला मास्क, पलंगाच्या पायथ्याशी उभी. तिचा खोकला केव्हाच बरा झाला होता.

"कशी आहेस?" तिने विचारलं.

या प्रश्नाला नॉर्डबीत एकच उत्तर असतं. आर्डिसने नळी जरा बाजूला केली. "वाईट आहे. फार वाईट. तुझ्यामुळे."

मार्लिसचे हात कोटाच्या गुंडीवर गेले. आर्डिस वाट बघत राहिली. आता बोलेल, आता तरी बोलेल. मार्लिसने वरपासून खालपर्यंत गुंड्या लावल्या आणि ती गेली.

उन्हाळ्यात आम्राने आर्डिसला बोलावून घेतलं. चाचणी संपली होती, पाकिटं फुटली होती.

"आजी, बसा. तुम्हाला मिठाचं पाणी मिळालं होतं."

"पण माझा दंड दुखला होता!"

"त्या दिवशी काय काय केलंत?"

आर्डिसने आठवून पाहिलं. फावडं आठवलं. मग पाळणाघर आठवलं. सगळा हिवाळा ती निव्वळ मिठाच्या पाण्याच्या भरवशावर त्या शेंबड्या सैन्यात बसली होती! कुठल्याही पोराकडून तिला तो रोग होऊ शकला असता, आम्रानेही तेच सांगितलं. "मला माहितीय कुणाकडून झाला," आर्डिस म्हणाली.

"आणि दुसरी गोष्ट ऐका. लस चालते. मिठाच्या पाण्याच्या बाजूला खूप माणसं आजारी पडली, लसीच्या बाजूला थोडी. ही तफावत दिसली म्हणून कळलं. तुम्ही त्या दिवशी परत फोन केला नसता तर तुमचा आजार मोजलाच गेला नसता."

"म्हणजे मी आजारी पडले ते त्या विषाणूच्याविरुद्ध गेलं?"

"अगदी त्याच्याविरुद्ध."

आर्डिस खुर्चीत मागे रेलली. तिला वाटलं होतं आपण लस टोचून घेऊन, छाती काढून त्याला हरवू. हरवलं ते खाटेवर पडून, नाकात नळ्या घालून. पण हरवलं होतं. ओरलिनच्या दाखल्यावर ज्याचं नाव नव्हतं त्याचं नाव तिच्या आजारापुढे लिहिलेलं होतं, चांगलं ठळक. ती मोठ्याने हसली आणि हसताहसता रडली, आणि आम्राने तिला रुमाल दिला.

विषाणूचं उट्टं निघालं. बाई बाकी होती.

ती आपल्या पायांनी आली. आर्डिस गॅरेजचं दार उघडं टाकून झाडत होती तेव्हा मार्लिस दारात येऊन उभी राहिली. तिची नजर गाडीखाली गेली. काळ्या चिकट तेलाचा ट्रे, आणि कडेला स्वतःचं नाव. मार्लिसने ते पुन्हा पुन्हा वाचल्यासारखं केलं. आर्डिसने झाडणं थांबवलं नाही.

"आम्राने सांगितलं मला," मार्लिस म्हणाली. "मला खरी लस मिळाली होती."

केरसुणी थांबली.

"मी खोकत होते ना तळघरात, तुझ्या कपावर. चार दिवसांत बरी झाले. आणि तू..." मार्लिसने पुन्हा ट्रेकडे बघितलं. "आम्रा दर आठवड्याला विचारायची. मी म्हणायचे बरंय तसं. काडी घातलीच नाही. आता सांगितलं तिला, तर म्हणाली, आता मोजता येत नाही."

"पुढे बोल."

"पुढे काय?"

"तुला माहितीय काय."

मार्लिसने गॅरेजच्या चौकटीला हात टेकला. "ओरलिनच्या वेळीही अ‍ॅलर्जी नव्हती. मला ताप होता. सकाळी मोजलाही होता. पण कॉफीची पाळी माझी होती गं. पाळी चुकवली असती तर काय म्हणाले असते सगळे? म्हटलं, घसाच तर आहे, त्यात काय. त्याच्या छातीचं माहीत होतं मला. वाकले तेव्हाही माहीत होतं."

दीड वर्षं जे वाक्य आर्डिसला हवं होतं ते तिच्या गॅरेजात उभं होतं. तिला वाटलं होतं ते ऐकून आपण थरथरू, किंचाळू. तिने केरसुणी भिंतीला टेकवली.

"इथे नाही," ती म्हणाली. "रविवारी. तळघरात. किटली हातात घेऊन."

"आर्डिस, नको गं. मला नाही जमणार."

"ओरलिनलाही मरायला जमत नव्हतं. जमवलं त्याने."

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे खाली आले. मार्लिस किटलीपाशी उभी राहिली, एक हात किटलीच्या मुठीवर, आणि बोलली. फार मोठ्याने नाही, पण त्या तळघरात चमचा पडला तरी ऐकू जातो. "ओरलिनच्या वेळी मी आजारी होते. मला ताप होता, आणि मला माहीत होतं. मी अ‍ॅलर्जी म्हटलं. ती नव्हती."

मग टेबलाटेबलावरून तो ओळखीचा मऊ आवाज उठायला लागला. अगं, मनाला लावून घेऊ नकोस. कुणाचा काही दोष नाही. असं होतंच. एका बाईने मार्लिसच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरी म्हणाली, आज हवा किती छान आहे नाही? गाव ते वाक्य गिळून टाकत होतं, कॉफीच्या घोटाबरोबर, तिच्या डोळ्यांदेखत.

"दोष आहे," आर्डिस म्हणाली.

बसमधला तिचा तो जुना आवाज. पन्नाशीतले बाप्येसुद्धा सीटवर सरळ बसले.

"होत नाही. केलं गेलं. हिने केलं. आणि त्या दिवशी हिचा खोकला आपण सगळ्यांनी ऐकला आणि गप्प राहून जेवलो. मीही जेवले. पण पहिला दोष हिचा, आणि तो ती घेतेय, तर तुम्ही कोण तिच्या हातून काढून घेणारे?"

कुणीही भट्टीचं नाव काढलं नाही. आर्डिसने पायाशी ठेवलेल्या पिशवीतून ट्रे काढला आणि वड्यांच्या टेबलावर, अगदी मधोमध ठेवला. तिने तो घासला होता, तारेच्या घासणीने, हात सोलेपर्यंत. तरी बुडावर तेलाचं काळं वर्तुळ उरलंच होतं, ते कधीच निघणार नव्हतं. रिकामा नव्हता. आत आम्राकडून मागून आणलेली काड्यांची पाकिटं होती, गच्च भरून.

"तुझा ट्रे," ती मार्लिसला म्हणाली. "माफ केलेलं नाही. पण ट्रे परत दिला."

मार्लिसने तो दोन्ही हातांनी उचलला आणि छातीशी धरला. काळा डाग तिच्या पांढऱ्या ब्लाउजला लागला असावा, कारण लोक तिकडे बघत होते. तिने लपवला नाही.

आर्डिस घरी आली. तिला भूक लागली होती, कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी. तिने दोन अंडी तळून खाल्ली, आणि ती गाढ झोपली.

सकाळी गॅरेजात गेली तर पिकअपखाली सिमेंटवर तेलाचं ओलं थारोळं होतं. दोन्ही सूड पुरे झाले होते. विषाणू हरला, मार्लिस बोलली, गावाने ऐकलं, आणि गाडी होती तशीच गळत होती. आर्डिस त्या थंड फरशीवर गुडघे टेकून बसली आणि गाडीखाली वाकून बघत राहिली, कुठून गळतंय ते. तिला काही कळेना. ओरलिन म्हणाला होता, उन्हाळ्यात बघतो. उन्हाळा होता. बऱ्याच वेळाने ती उठली, घरातून कॉफीचा रिकामा डबा आणला आणि थेंब पडत होता तिथे नीट सरकवून ठेवला.